अख्खी भिंत

आमच्या गावच्या विहारात, दारातून आत शिरलं की डाव्या हाताला एक संगमरवरी पाटी आहे. फरशी नवी बसवली तेव्हा कुणी काय दिलं ते तिच्यावर कोरलंय. कुणी सिमेंट दिलं, कुणी पंखे, कुणी सतरंज्या. सगळ्यात खाली एक ओळ आहे, ती कुणालाच वाचता येत नाही. इंग्रजी अक्षरं आणि आकडे, एकमेकांत मिसळलेले, चाळीस. नवा माणूस आला की हटकून विचारतो, हा काय बँकेचा खातेनंबर आहे का? मग कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवतं आणि मला तिथून उठून जावंसं वाटतं.

ती ओळ म्हणजे एका भिंतीचा पत्ता आहे. भिंत आता नाही.

गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरात, आमचं एक लेणं होतं. कार्ल्या-भाज्यासारखं नव्हे. तिथं तिकीट असतं, गाड्या लागतात, बाहेर भाजलेली कणसं मिळतात. आमच्या लेण्याला नावसुद्धा नव्हतं. एक खोली, एक दगडी ओटा आणि बाहेर पाण्याचं टाकं. टाक्याच्या वरच्या भिंतीवर चार ओळींचा जुना लेख कोरलेला. पहिल्या तीन ओळी झिजल्या होत्या, पण जाणकारांना लागत होत्या: हे टाकं दान दिलं आहे, भिक्खूंसाठी आणि सगळ्यांच्या सुखासाठी. कुणी दिलं, ते चौथ्या ओळीत होतं. आणि चौथी ओळ नेमकी झिरपणाऱ्या पाण्याच्या वाटेत आली होती.

माझे चुलते, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं, त्यांचा जीव त्या चौथ्या ओळीत अडकला होता. त्याला कारण होतं. माझ्या आजीला, म्हणजे आबांच्या आईला, गावच्या विहिरीला हात लावू देत नसत. ती डोंगर चढून लेण्याच्या टाक्याचं पाणी आणायची. धर्मांतरानंतरही कितीतरी वर्षं तिची तीच वाट होती. आबा त्या पाण्यावर वाढले. तळेगावच्या कारखान्यात ओतकाम करून निवृत्त झाल्यावर त्यांनी धम्मलिपीचा, म्हणजे लेण्यांतल्या जुन्या ब्राह्मी अक्षरांचा, रविवारचा वर्ग लावला, आणि मला एकदा म्हणाले, "आयनं जल्मभर ज्याचं पानी प्यालं, त्याचं नाव तरी म्हाईत नको का? आपून कुणाचं खाल्लं-प्यालं, येवढं कळाया पायजे."

मला तेव्हा हे वेड वाटलं होतं. आता वाटत नाही.

दर पौर्णिमेला आमची चार-सहा घरं लेण्यावर जायची. झाडलोट, गवत काढणं, वंदना, मग डब्यातली भाकरी. आबा प्रत्येक वेळी भिंतीचे फोटो काढायचे. भिंतीचे पोपडे सुटत होते. गेल्या वेळी होतं ते या वेळी नाही, असं दरवर्षी व्हायचं. त्यांचा फोन जुना, फोटो इवलेसे, तरी ते एक फळी टेकवून तिच्यावर त्याच जागी फोन ठेवून काढायचे.

मधे एक भांडण झालं. कुणीतरी त्यातला एक फोटो अर्धाच कापून फोनाफोनी फिरवला. एका शब्दाचं शेपूट कापलं गेलं आणि त्या तुटक्या शब्दावरून शेजारच्या दोन गावांत वाद पेटला, लेणं कुणाचं म्हणून. पोलीस पाटलापर्यंत गेलं. ते निस्तरल्यावर आबांनी विहारात सगळ्यांसमोर सांगितलं, "हितून फुडं भिंत कापायची न्हाई. दाखवायची तर अख्खी. आन् वाचायची बी न्हाई आपून. जानकार मानूस सांगंल तेच खरं." सगळ्यांनी हो म्हटलं. मीही म्हटलं. आमच्याकडे असं एकदा विहारात ठरलं की ते ठरलं.

मी लोणावळ्यात राहतो आणि घरी बसून एका कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहितो. शनिवार-रविवारी खाली रस्त्यावर गाड्यांची रांग लागली की दूध आणायलाही बाहेर पडवत नाही. अशाच एका कोंडलेल्या रविवारी मी आबांच्या फोटोंची व्यवस्था लावायला घेतली. आधीचे काही फोटो एका फुकटच्या खात्यावर ठेवले होते. ते खातं बंद पडलं आणि फोटो गेले. आबांना त्याचा राग होता. "एकाच्या घरात ठिवलं की ते त्याचंच हुतं," असं त्यांचं म्हणणं. म्हणून मी ठरवलं, फोटो सगळ्यांच्या घरात ठेवायचे.

आम्ही प्रोग्रॅम लिहिणारे गिट नावाची एक गोष्ट वापरतो. फाइलची प्रत्येक आवृत्ती ती सांभाळते. काल काय होतं, आज काय बदललं, कुणी बदललं, सगळं. दरवर्षी झिजणाऱ्या भिंतीला याहून योग्य काय असणार? आणि ते सगळं मी एका जाळ्यावर टाकलं, जिथं मालक नसतो. पाच यंत्रं: आबांचं घर, विहार, लोणावळ्यात मी, लोणावळ्यातच आबांची मुलगी, आणि सोमाटण्याला आत्याचं घर. एका यंत्रावर आलेलं दुसरी यंत्रं आपणहून मागून घेतात. जुने संगणक होते, कुणी फेकायला काढलेले.

आबांना समजावणं सोपं गेलं. या जाळ्यात वस्तूचा पत्ता ती कुठे ठेवली यावरून ठरत नाही, ती काय आहे यावरून ठरतो. यंत्र अख्खी फाइल वाचतं आणि तिचा एक ठसा काढतं. तो ठसा हाच पत्ता. फोटोतला एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो.

"म्हंजी पत्ता खोटं बोलू शकत न्हाई," आबा म्हणाले.

"नाही."

"आन् कदी बदलनार बी न्हाई?"

"वस्तू बदलली नाही तर नाही."

"मंग दगडात कोरला तरी चालंल की."

मी हसून चालेल म्हणालो. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही माणसाला ती गंमत वाटली असती. पण आमच्या घरांतल्या लोकांना दगडात कोरलेल्या दानाची सवय आहे. आम्ही पंखा दिला तरी कोरतो.

पुढच्या हिवाळ्यात आबांची मुलगी एक चांगला कॅमेरा मागून घेऊन आली. ती खंडाळ्याच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर असते, तिथल्या लग्नांचे फोटो काढणाऱ्याची तिची ओळख. तिने कुठेतरी पाहिलं होतं की उजेड समोरून न मारता बाजूने, भिंतीला घासून मारला तर झिजलेली अक्षरंही उठून येतात. आम्ही तिघं एक दिवसभर भिंतीपाशी होतो. वरून जुनी ताडपत्री बांधून अंधार केला, ती बाजूने टॉर्च धरायची, मी कॅमेरा सरकवायचो, आबा ओळी सांगायचे. शेकडो फोटो निघाले. ते जोडून भिंतीचं एकच चित्र करायचं होतं.

ते चित्र आबांच्या घरच्या संगणकावर जुळलं. चौथी ओळ वर आली. मी ती पाहिली आहे. पाण्याच्या डागाखालून, हळद लावलेल्या हातावर रेषा दिसाव्यात तशी. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता, तरी ते पडद्याला नाक लावून बसले. सुरुवातीची दोन अक्षरं त्यांना लागली असावीत, कारण ओठ हलले. मग ते मागे सरले.

"न्हाई. जानकार वाचंल," ते म्हणाले. "सबूद दिलाय."

मी त्यांना तेव्हाच सुचवलं होतं की एवढ्या मोठ्या चित्राचे फरश्यांसारखे चौकोनी तुकडे करू, उघडायला हलकं पडेल. माझ्या डोक्यात तेव्हा फक्त संगणकाचं धापा टाकणं होतं. आबांनी मान हलवली. भिंत कापायची न्हाई. मी वाद घातला नाही. अख्खी भिंत एकाच फाइलमध्ये गेली, गिटने तिचा ठसा काढला, आणि आबांनी तो कागदावर उतरवून घेतला. वैशाख पौर्णिमेला पाटी बसली, तेव्हा सगळ्यात खाली तो ठसा होता. पाथरवटाने अक्षरन्अक्षर बरोबर कोरला होता, मी तपासलं. त्या दिवशी आबांनी आपला संगणक टीव्हीला जोडून भिंत दाखवली. टीव्हीवर सगळंच धूसर दिसत होतं, पण लोकांनी 'साधु, साधु' म्हणून साधुकार दिला. ज्या ज्या घरी यंत्र होतं त्यांना मी विचारलं, चित्र आलं का? सगळे म्हणाले, आलं की, दिसतंय. यादीत नाव होतं, शेजारी नखाएवढं लहान चित्रही होतं.

पुण्याच्या एका अभ्यासकांना आम्ही कळवलं. फोनवर पाठवलेला फोटो दबून येतो, त्यात अक्षरं लागत नाहीत, मूळ चित्र पाठवा, असं ते म्हणाले. मी त्यांना जाळ्यावरून ते कसं घ्यायचं ते सांगितलं. त्यांच्याकडे नुसतं चक्र फिरत राहिलं. "तुमच्याकडचं नेट कमजोर असेल," ते सौजन्याने म्हणाले. आमच्याकडचं नेट खरंच कमजोर असतं, त्यामुळे मलाही पटलं. पावसाळा संपला की पेनड्राइव्ह घेऊन आबांसह त्यांच्याकडे जायचं ठरलं.

श्रावणात डोंगर सुटला. माणूस कुणी गेलं नाही, गुरंही नाहीत, त्यामुळे बातमीही झाली नाही. ओढ्याच्या वरची कड बसली आणि तिच्याबरोबर लेण्याचं तोंड, टाकं आणि भिंत खाली गेली. पाऊस उघडल्यावर आम्ही जाऊन पाहिलं. तांबडी माती आणि दगड. कुठला दगड लेण्याचा आणि कुठला डोंगराचा, हे सांगायला काही उरलं नव्हतं. आबा काठी टेकून उभे राहिले. आबांची मुलगी रडायला लागली तर तेच तिची समजूत घालत होते.

"रडू नगंस. चित्र हाय ना आपल्याकडं. अख्खं हाय."

परत येऊन त्यांनी संगणक लावला. तो लागला नाही. त्या महिन्यात दिवसातून किती वेळा वीज जायची आणि यायची त्याला गणती नव्हती, आणि दमट हवेत आमच्याकडे कपाटातल्या चपलांवरही बुरशी चढते. मी डिस्क काढून पुण्याला नेली. दुकानदाराने ती कानाशी धरून हलवली आणि माझ्याकडे डॉक्टर बघतात तसं बघितलं. मला फार वाईट वाटलं नाही. बाकीची चार यंत्रं होती. आम्ही हे सगळं त्यासाठीच तर केलं होतं.

घरी येऊन मी माझ्या यंत्रावर चित्र उघडायला गेलो. नाव होतं. तारीख होती. आबांनी लिहायला लावलेली ओळ होती: 'भिंत, अख्खी, चौथ्या ओळीसकट.' ठसा होता, पाटीवरचाच. नखाएवढं चित्र होतं. आत काही नव्हतं. मी आबांच्या मुलीला फोन केला. तिच्याकडेही तसंच. विहारात तसंच. सोमाटण्याला तसंच. आबांचे जुने इवलेसे फोटो, वर्षावर्षांचे, एकूण एक सगळीकडे पोचले होते. फक्त ती एक फाइल आबांच्या घरातून कधी बाहेर पडलीच नव्हती; तिचं नाव आणि नखाएवढं चित्र वेगळ्या लहान फाइलींत होतं, तेवढंच पोचलं होतं.

कारण सांगतो, सोपं आहे, आणि सोपं आहे म्हणूनच चीड येते. हे जाळं अनोळखी यंत्रांचं असतं. वस्तू एका बंद डब्यात येते असं समजा; समोरून येणारा डबा खरा की खोटा हे तो पूर्ण हातात आल्याशिवाय कळत नाही, कारण ठसा पूर्ण डब्याचा असतो. मग कुणी भलामोठा खोटा डबा पाठवायला घेतला तर? घेणारा घेतच बसणार, आणि शेवटी कळणार की सगळा कचरा. म्हणून तिथं ठरलेलं असतं की साधारण दोन एमबीच्या वरचा डबा दारातूनच परतवून लावायचा. साधी फाइल असती तर जाळ्याने आपणहून तिचे तुकडे केले असते, तुकड्या-तुकड्याचा वेगळा ठसा काढला असता आणि वर एक चिठ्ठी ठेवली असती, की हे असे जोडा. पण मग पत्ता त्या चिठ्ठीचा झाला असता, भिंतीचा नव्हे. गिट मात्र अख्ख्या फाइलचाच ठसा काढतं. तो ठसा पाळायचा तर डबा अख्खाच जायला हवा. आणि अख्खा कुणी घेत नाही.

मोठ्या मनाने बघितलं तर नियम वाईट नाही. पारखून घेता येत नाही ते घेऊ नये, इतकंच तो म्हणतो. पुण्याच्या त्या अभ्यासकांनीही तेच सांगितलं, जेव्हा आबांनी त्यांना फोनवर विचारलं की मी डोळ्यांनी बघितलेली अक्षरं सांगितली तर लेखात धराल का. "आबा, तुमच्यावर विश्वास आहे हो, पण मूळ प्रत दाखवल्याशिवाय मला छापता येणार नाही." आबांनी बरं म्हणून फोन ठेवला. आणि आबांनी तरी विहारात दुसरं काय सांगितलं होतं? अख्खी दाखवा, नाहीतर दाखवू नका.

मला मात्र तो नियम लिहिणाऱ्यांना, कुठल्या देशात असतील तिथून ओढून आणून, त्या तांबड्या मातीसमोर उभं करावंसं वाटत होतं.

जोडायला घेतलेले ते शेकडो सुटे फोटोही आबांच्या त्याच डिस्कवर होते. कॅमेऱ्यातलं कार्ड हिवाळ्यातच मालकाकडे परत गेलं होतं आणि त्यावर त्याने त्याच आठवड्यात कुणाचं तरी लग्न उतरवलं होतं. आबांच्या मुलीने विचारून पाहिलं. आम्ही जुने इवले फोटो जोडून भिंत उभी केली, त्यात तीन ओळी आल्या आणि चौथीच्या जागी डाग आला. त्या चित्राचा ठसा काढायची गरज नव्हती. तरी मी काढला. नाही जुळला. आबांनी या दिवसांत कुणाला दोष दिला नाही, मलाही नाही. त्यांनी एक-दोनदा शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दिवाळीनंतर आबांचा निरोप आला, विहारात ये म्हणून. आबांची मुलगी कामावर होती, मी एकटाच गेलो. दुपारची वेळ, विहारात दुसरं कुणी नव्हतं. सतरंजीवर आबांनी शाळेतला मोठा ड्रॉइंग पेपर पसरला होता. त्यांनी पेन्सिलीने भिंत काढली होती. आठवून. तीन ओळी नीट, पोपडे सुटल्याच्या जागा, पाण्याचा डाग आणि डागाखाली चौथी ओळ. सुरुवातीची दोन अक्षरं ठळक होती. पुढची खोडून खोडून कागद फाटायला आला होता. एका अक्षराची वेलांटी त्यांनी तीन ठिकाणी काढून पाहिली होती.

"फोटू काढ आन् घाल त्यात," ते म्हणाले.

मी फोटो काढला, दोन एमबीच्या आत बसवला आणि विहारातल्या यंत्रावर घातला.

"ठसा काढ."

"आबा, तो जुळणार नाही. तुम्हाला माहितीये. एक ठिपका जरी..."

"म्हाईतीय मला. तरी बघ."

मी ठसा काढला. आबा उठून पाटीपाशी गेले आणि खालच्या ओळीच्या सुरुवातीला बोट टेकवलं. "वाच."

मी पहिलं अक्षर वाचलं. ते जुळत होतं. ठशात सगळी मिळून सोळाच चिन्हं येतात, सोळांत एकदा ते जुळायचंच, त्याला काही अर्थ नसतो. पण आबांचं बोट पुढे सरकलं आणि मी त्यांच्या पाठीकडे बघत होतो, ती पाठ ताठ झाली. मला दुसरं अक्षर वाचवेना. माझ्या मनात आलं, पाटीवरचंच वाचत जावं, शेवटपर्यंत. मोतीबिंदू झालेला म्हातारा माणूस, त्याला पडद्यावरचं काय दिसणार आहे?

मी दुसरं अक्षर वाचलं, जे होतं ते.

आबांचं बोट तिथंच थांबलं. मग हात खाली घेतला, कोपऱ्यातल्या माठातलं पाणी पेल्यात ओतून घेतलं आणि उभ्यानेच प्यायले.

"आयला काय सांगू मी आता?" ते म्हणाले. आजी जाऊन पुष्कळ वर्षं झालीत.

इतक्यात माझा फोन वाजला, आबांच्या मुलीचा. त्या सगळ्या प्रकारानंतर मी प्रत्येक यंत्रावर एक घंटी बसवली होती. वस्तू पूर्ण उतरली, तपासली आणि तिचा ठसा तिच्याच पत्त्याशी जुळला तरच ती वाजते. तिच्या यंत्राची घंटी वाजली होती. ती हॉटेलातून फोनवर घरचं यंत्र बघत होती.

"दादा, आबांनी काढलेलं चित्र आलं माझ्याकडे. सोमाटण्याचीही घंटी वाजल्याचं दिसतंय. किती पटकन आलं रे."

फोनचा आवाज मोठा होता, आबांनी ऐकलं. पायात चप्पल सरकवता सरकवता त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "अख्खं आलं का?"

"हो आबा," मी म्हणालो. "अख्खं आलं."